दाम : मोल नव्हे, जीव

हिब्रू भाषेत रक्ताला ‘दाम’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द परका वाटत नाही. उलट तो फारच ओळखीचा वाटतो, आणि घोटाळा तेथेच होतो. आपल्या भाषेत दाम म्हणजे पैसा, किंमत, मोल. ‘दामदुप्पट’ हा शब्द सावकारी व्यवहारातला. ‘छदाम’ हा अगदी क्षुल्लक रकमेचा. मराठीतला हा दाम मूळच्या ग्रीक ‘द्राख्मा’ या नाण्याच्या नावावरून, संस्कृतातील ‘द्रम्म’च्या वाटेने आपल्याकडे आला. हिब्रू दामाशी त्याचे कोणतेही नाते नाही. दोन भिन्न कुळांतील शब्दांचे उच्चार जुळले, एवढाच तो योगायोग.

तरीही हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. आपल्या भक्तिपर लेखनात, गीतांत आणि उपवासकाळातील प्रवचनांत प्रभूच्या रक्ताविषयी जे सांगितले जाते ते लक्षपूर्वक ऐकले, तर असे वाटते की हिब्रू ‘दाम’ आपण मराठी ‘दाम’ समजूनच वाचत आलो आहोत. मनुष्याने पापाचे कर्ज करून ठेवले; देव कठोर सावकाराप्रमाणे वसुलीला बसला; पुत्राने रक्त मोजून खाते चुकते केले. या चित्रात रक्त हे चलन ठरते आणि देव ते मोजून घेणारा ठरतो. अशा चित्राने अनेक श्रद्धावंतांना सांत्वन दिले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या भाषेत हा शब्द रुजला त्या भाषेत तो काय बोलतो, हे तपासू लागलो की चित्राचे रंग बदलू लागतात. प्रस्तुत लेखात तो शोध घ्यावयाचा आहे.

शब्द आणि त्याचे प्रतिध्वनी

‘दाम’ हा दोनच व्यंजनांचा लहानसा शब्द आहे. त्याची भावंडे शेजारच्या सेमिटिक भाषांतही सापडतात : अक्कादी भाषेत ‘दामु’, अरबीत ‘दम’, अरामीत ‘देमा’. यहूदाच्या मृत्यूशी जोडलेल्या ‘हकलदमा’ या शेताच्या नावातील ‘दमा’ तो हाच. हिब्रू बायबलमध्ये हा शब्द ३६०हून थोड्या अधिक वेळा येतो.

हिब्रू वाचकाच्या कानात या शब्दासोबत आणखी काही शब्द वाजत असतात. ‘आदाम’ म्हणजे मनुष्य, ‘अदामा’ म्हणजे भूमी, ‘अदोम’ म्हणजे लाल. या सर्वांची व्युत्पत्ती एकच आहे असे भाषाशास्त्रज्ञ खात्रीने म्हणत नाहीत; पण बायबलच्या लेखकांनी त्यांचे ध्वनिसाम्य जाणूनबुजून वापरले आहे, यात शंका नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने ‘अदामा’तून ‘आदाम’ घडवला. पुढे काइनाने भावाला मारले तेव्हा त्याच ‘अदामा’ने तोंड उघडून हाबेलाचे ‘दाम’ गिळले. जलप्रलयानंतर देवाने नोहाला मनुष्यहत्येविषयी जो नियम दिला, त्याची रचना तर आरशासारखी आहे. प्रथम सांडणे, मग रक्त, मग मनुष्य. आणि लगेच उलट क्रमाने मनुष्य, रक्त, सांडणे. ‘दाम’ आणि ‘आदाम’ एकमेकांसमोर उभे राहतात. माणसाच्या नावातच रक्ताचा ध्वनी आहे, असे ती रचना जणू कानाला सांगते.

मराठीत ही किमया साधत नाही. मनुष्य, भूमी, रक्त हे आपले तीन शब्द तीन दिशांना तोंड करून उभे आहेत. ‘रक्त’ हा शब्द संस्कृतात मुळी रंगाचा आहे; रंगलेले, तांबडे, हा त्याचा पहिला अर्थ. मूळ हिब्रू-ग्रीक भाषा शिकून बायबलचा मराठी अनुवाद करणाऱ्या पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीलाही ही उणीव भाषेच्या बळावर भरून काढणे शक्य नव्हते. हा अनुवादकाचा दोष नव्हे. अनुवादात हरवलेले हे नाते समजावून देणे हे टीकाकाराचे आणि प्रवचनकाराचे काम आहे.

अनेकवचनाचे गूढ

मराठीत रक्ताचे अनेकवचन होत नाही. हिब्रूत ते होते : ‘दामीम’. आणि या अनेकवचनात अर्थ बदलतो. नसांतून वाहणारे किंवा वेदीवर अर्पण होणारे रक्त हे सामान्यतः एकवचनी. सांडलेले रक्त, त्या सांडण्याचा अपराध आणि त्या अपराधाचा डाग, हे सारे बहुधा अनेकवचनी. म्हणूनच आपल्या अनुवादकांना अशा स्थळी नुसते ‘रक्त’ लिहून भागत नाही. ‘रक्तपात’, ‘हत्येचा दोष’ असे जोडशब्द योजावे लागतात.

हाबेलाच्या कथेत देव काइनाला जाब विचारतो तेव्हा तो रक्ताचा उल्लेख अनेकवचनात करतो, आणि आक्रोश करणारे हे क्रियारूपही अनेकवचनीच आहे. मरणारा एक, मग रक्ते अनेक कशी? यहुदी आचार्यांनी या प्रश्नाचा खोल विचार केला. मिश्नाच्या ‘सान्हेद्रीन’ या प्रकरणाच्या चौथ्या अध्यायात याचे उत्तर आहे. आक्रोश एकट्या हाबेलाचा नाही. त्याच्यापासून जन्माला येऊ शकली असती त्या सर्व पिढ्यांचाही तो आहे. म्हणून एक जीव घेणारा अख्खे जग नष्ट करतो आणि एक जीव वाचवणारा अख्खे जग वाचवतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खुनाच्या खटल्यातील साक्षीदारांना साक्षीपूर्वी जे बजावून सांगितले जाई, त्याचाच हा भाग होता. व्याकरणातील एका प्रत्ययातून एवढी मोठी नीती उभी राहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

निर्गमच्या पुस्तकातील एक नियम पाहावा. चोर रात्री घर फोडताना सापडला आणि मारात मेला, तर त्याच्यासाठी ‘दामीम’ नाहीत. पण सूर्य उगवल्यानंतर त्याला मारले, तर ‘दामीम’ आहेत. म्हणजे चोरालाही रक्त आहे. दिवसाच्या उजेडात त्याचाही हिशेब द्यावा लागतो. संशयावरून जमाव एखाद्याला ठेचून मारतो, अशा बातम्या आजही आपल्या कानावर येतात. त्या वाचताना हा प्राचीन नियम आठवावा.

यशया संदेष्टा तर आणखी पुढे जातो. पसरलेल्या हातांनी प्रार्थना करणाऱ्या भक्तांना तो देवाच्या वतीने सांगतो की तुमची प्रार्थना ऐकली जाणार नाही, कारण ते हात ‘दामीम’नी भरलेले आहेत. त्याच्यासमोर मारेकरी नव्हते, नियमित उपासक होते. अनाथाला न्याय न देणारे आणि विधवेची बाजू न घेणारे हात त्याच्या लेखी रक्ताळलेले होते.

माझ्या दृष्टीने या शब्दाचा सर्वांत मार्मिक उपयोग अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात आहे. नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा बांध. नाहीतर कोणी पडला तर तुझ्या घरावर ‘दामीम’ येतील, असा त्या आज्ञेचा आशय. इस्राएलात छपरे सपाट असत. लोक तेथे बसत, झोपत, धान्य व अळशीचे ताट वाळवत. येथे कोणी कोणावर हात उगारलेला नाही. वैर नाही, शस्त्र नाही. केवळ निष्काळजीपणा आहे. तरीही शब्द तोच, हाबेलाच्या हत्येसाठी वापरलेला. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातही शेजाऱ्याच्या रक्तावर उभे राहू नकोस अशी विलक्षण शब्दयोजना आहे. दुसऱ्याचा जीव धोक्यात असताना स्वस्थ पाहत राहणे, असा तिचा अर्थ परंपरेने घेतला आहे. ज्याला आपण अपघात म्हणून सोडून देतो, त्यातील पुष्कळसे भाग हिब्रू भाषा ‘दामीम’च्या खात्यात मांडते.

रक्तात काय असते?

हे सारे एवढे गंभीर का, याचे उत्तर लेवीयच्या सतराव्या अध्यायात आहे. देहाचा ‘नेफेश’ रक्तात असतो, असे तेथे सांगितले आहे. अनुवादाच्या बाराव्या अध्यायात तर रक्त म्हणजेच ‘नेफेश’, अशी सरळ व्याख्या केली आहे.

‘नेफेश’साठी पुष्कळदा ‘आत्मा’ हा शब्द योजला जातो, आणि येथे मराठी वाचकाची गफलत होते. आत्मा म्हटले की देहाहून निराळे, अविनाशी, जन्ममरणापलीकडचे तत्त्व डोळ्यांसमोर येते. ‘नेफेश’ तसे नाही. त्याच्या मुळाशी घसा, श्वास, तहान, धडधडते अस्तित्व या कल्पना आहेत. तो पशूलाही असतो. मराठीत याला अगदी नेमका शब्द आहे : जीव. आपण जीव लावतो, जीव टाकतो, जीव मुठीत धरतो, दुसऱ्यासाठी जीव देतो. ‘नेफेश’चे इतके जिवंत प्रतिरूप क्वचितच एखाद्या भाषेत असेल. ‘रक्तात जीव असतो’ हे वाक्य आपल्या आजीलाही समजले असते. ‘रक्तात आत्मा असतो’ हे वाक्य मात्र विद्वानालाही गोंधळात टाकते.

जीव देवाचा, म्हणून रक्त देवाचे. यातूनच रक्त न खाण्याचा नियम निघाला. मांस खाण्याची मोकळीक मिळाली, पण रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकायचे. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या आणि मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या स्वयंपाकघरात मांसाला मीठ लावून रक्ताचा अंश काढून टाकण्याची जी रीत आहे, तिचे मूळ येथे आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांनाही रक्त वर्ज्य करण्यास सांगितले होते. पुढे १४४२ साली फ्लॉरेन्सच्या महासभेने तो नियम त्या काळापुरता होता असे स्पष्ट केले. तेव्हा सणाच्या दिवशी जुन्या पद्धतीच्या सोरपोतेलात डुकराचे रक्त घातले गेले, तर आपल्याला पाप लागत नाही. पण नियम गेला म्हणून त्यामागील जाणीवही जावी, असे नाही. ताटातला घास हा कोणाचा तरी जीव होता, ही ती जाणीव.

बलिदानाच्या विधीकडे या दृष्टीने पाहिले की एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. लेवीयच्या पहिल्या अध्यायानुसार पशूचा वध करणारा असतो तो अर्पण आणणारा साधा माणूस. याजकाचे काम सुरू होते ते वध झाल्यावर, रक्त हाती आल्यावर. मरण हाच विधीचा गाभा असता, तर ते काम याजकाने स्वतःकडे राखून ठेवले असते. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वेदीवरील रक्ताविषयी बोलताना सतराव्या अध्यायात देव म्हणतो ते असे की हे मीच तुम्हाला दिले आहे. मनुष्य देवाला रक्त देऊन त्याला राजी करतो, हा क्रम येथे उलटा झाला आहे. देणारा देव आहे. ज्यूविद्या-पंडित जेकब मिल्ग्रोम यांनी लेवीयवरील आपल्या भाष्याच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात पापार्पणाच्या रक्ताचे कार्य शुद्धीकरणाचे असल्याचे दाखवून दिले. ते रक्त लावले जाते ते पापी माणसाच्या अंगाला नव्हे, तर वेदीला आणि पवित्रस्थानाला. मृत्यूचा मळ जीवाने धुतला जातो, असे हे तर्कशास्त्र आहे. त्यात शिक्षेचा भाग नाही.

एक जुना वाद

या मताला विरोध करणारे अभ्यासकही आहेत, आणि त्यांची बाजू कमी वजनाची नाही. इंग्लंडमधील बिशप वेस्टकॉट यांनी योहानाच्या पत्रांवरील १८८३च्या भाष्यात रक्त म्हणजे मुक्त झालेला, अर्पणासाठी उपलब्ध झालेला जीव, असा अर्थ मांडला. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ॲलन स्टिब्स यांनी याच शब्दावर एक स्वतंत्र निबंध लिहून तो अर्थ खोडून काढण्याचा प्रयत्न केला. आणि ऑस्ट्रेलियन विद्वान लिऑन मॉरिस यांनी १९५५ साली क्रूसाच्या प्रेषितीय संदेशावरील ग्रंथात ‘दाम’ शब्दाची सर्व स्थळे मोजून काढली. त्यांच्या मोजणीनुसार एकूण ३६२ स्थळांपैकी २०३ स्थळी हा शब्द हिंसक मृत्यू सुचवतो, १०३ स्थळी बलिदानाचे रक्त, १७ स्थळी रक्तासह मांस खाण्याचा निषेध, ३२ स्थळी इतर अर्थ. आणि जीवाशी रक्ताचा स्पष्ट संबंध जोडणारी स्थळे केवळ ७. सारांश, रक्त म्हणजे मृत्यू, आणि तोही हिंसेने आलेला, असा त्यांचा निर्णय.

मॉरिस यांची मोजणी कष्टाची आहे आणि तिने एक उपकार केला आहे. क्रूसावरील मृत्यूची भीषणता विसरून रक्ताविषयी गोड गोड बोलण्याच्या सवयीला तिने लगाम घातला. परंतु शब्दाचा अर्थ मतमोजणीने ठरत नाही. त्या २०३ स्थळी कथा सांगितली आहे, शाप दिला आहे, तक्रार केली आहे. ७ स्थळी मात्र शास्त्र स्वतः थांबून रक्त म्हणजे काय ते सांगते. कायद्याच्या ग्रंथात व्याख्या एकदाच येते आणि खटले शेकडो येतात. म्हणून खटल्यांनी व्याख्या रद्द होत नाही. उलट, रक्त म्हणजे जीव हे आधी ठरलेले आहे, म्हणूनच ते सांडणे हा एवढा आक्रोशाचा विषय होतो. दोन्ही पक्षांनी एकाच दोरीची दोन टोके धरली आहेत.

या वादात एक प्रसंग मला निर्णायक वाटतो. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तेविसाव्या अध्यायात दावीद राजाला आपल्या गावच्या, बेथलेहेमच्या वेशीजवळील विहिरीच्या पाण्याची आठवण होते. गाव शत्रूच्या ताब्यात. त्याचे तीन वीर शत्रूची फळी फोडून जातात आणि ते पाणी घेऊन परत येतात. दावीद ते पीत नाही. ते परमेश्वरासाठी ओततो आणि म्हणतो की हे तर जीव धोक्यात घालून गेलेल्या माणसांचे ‘दाम’ आहे. येथे तिघेही वीर सुखरूप आहेत. त्यांचे रक्त सांडलेले नाही, मृत्यू घडलेला नाही. भांड्यात आहे ते निव्वळ पाणी. तरीही दावीदाच्या तोंडी शब्द येतो तो रक्ताचा, कारण त्या पाण्यात माणसांनी आपला जीव ओतला होता. प्रेमाने पणाला लावलेला जीव म्हणजे रक्त : शेवटच्या भोजनाच्या प्याल्याकडे नेणारी याहून सरळ वाट जुन्या करारात मला दिसलेली नाही.

रक्ताचे नाते

‘दाम’ शब्द जेथे येतो ती स्थळे आपण पाहिली. जेथे तो येत नाही तेही पाहायला हवे. मराठीत आपण ‘रक्ताचे नाते’ म्हणतो. हिब्रूत नाते सांगताना रक्ताचे नाव घेत नाहीत; हाड आणि मांस म्हणतात. आदाम हव्वेला पाहून हेच म्हणतो, लाबान याकोबाला हेच म्हणतो, इस्राएलाचे वंश दावीदाला राजा करताना हेच म्हणतात. ‘गोएल हद्दाम’ हा रक्ताचा कैवारी मृताचा जवळचा आप्त असतो खरा, परंतु त्या शब्दातील रक्त नात्याचे नाही, मारल्या गेलेल्या माणसाचे आहे. रक्त कुळाच्या मालकीचे नसतेच. ते देवाच्या मालकीचे असते. म्हणून उच्च रक्त आणि हीन रक्त ही भाषा या शब्दाला बोलता येत नाही.

ख्रिस्ती इतिहासात मात्र ती बोलली गेली. १४४९ साली स्पेनमधील तोलेदो शहरात यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणारा नियम झाला आणि पुढे ‘रक्तशुद्धी’ची ही कल्पना स्पेन-पोर्तुगालभर पसरली. पोप निकोलस पाचवे यांनी त्याच वर्षी तिचा निषेध करून सर्व बाप्तिस्मा घेतलेले एक आहेत असे बजावले होते; तो आवाज फार काळ कोणी ऐकला नाही. दूरच्या देशाला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या घरातील सोयरिकीच्या बैठका आठवाव्यात. मुलगा शिकलेला, मुलगी गुणी, दोघांची पहिली कम्युनियन एकाच वेदीसमोर झालेली. तरी ‘त्यांचे रक्त वेगळे’ हा शब्द अजून कुजबुजीत ऐकू येतो. संत योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात देवाची मुले रक्तापासून जन्मलेली नाहीत असे सांगितले आहे, आणि तेथे ग्रीकमध्येही रक्त हा शब्द अनेकवचनात आहे. ख्रिस्ताच्या प्याल्याला ओठ लावणाऱ्यांनी कुळाच्या रक्ताचा अभिमान बाळगणे ही केवळ रूढी नव्हे. तो त्या प्याल्याचा चुकीचा अर्थ आहे.

आणखी एका चुकीच्या अर्थाने तर इतिहास काळवंडला. रक्त कोणाच्या डोक्यावर असणे म्हणजे त्याची जबाबदारी त्या माणसाने घेणे, हा हिब्रू वाक्प्रचार यहोशवाच्या पुस्तकात राहाबेच्या घरी आलेल्या हेरांच्या तोंडीही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पिलातासमोरील जमाव त्याच धर्तीवर बोलतो. एका जमावाच्या या बोलण्याचा आधार घेऊन शतकानुशतके साऱ्या यहुदी लोकांना दोषी ठरवण्यात आले. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीच्या घोषणापत्रात हे खोडून काढले. येशूच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सरसकट सर्व किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. शब्दाचा अर्थ चुकला की माणसांचे प्राण जातात, याचे याहून दुःखद उदाहरण नसेल.

प्याला आणि किंमत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जे रक्त तोंडाला लावायचे नाही, तेच प्रभूने प्यायला दिले, याची संगती कशी लावायची? योहानाच्या सहाव्या अध्यायात ऐकणारे दचकले आणि कित्येक सोडून गेले, यात नवल नाही. पण वर पाहिलेला अर्थ हाती असेल तर कोडे सुटते. रक्त वर्ज्य होते, कारण जीव देवाचा होता. ज्याचा तो होता त्यानेच तो आता आपल्या हाताने पुढे केला. निषेधाचे कारण आणि देणगीचे कारण एकच आहे. हिब्रू काव्यात द्राक्षरसाला ‘द्राक्षांचे रक्त’ म्हणण्याची जुनी रीत होती, तीही येथे अर्थपूर्ण ठरते. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी मोशेने कराराचे अर्धे रक्त वेदीवर आणि अर्धे लोकांवर शिंपडले, तेव्हा देव आणि लोक एका जीवाने बांधले गेले. त्या रात्री माडीवरच्या खोलीत प्रभूने ‘कराराचे रक्त’ हे शब्द उच्चारले, ते हेच स्मरून.

मग मोलाचे काय? संत पेत्राच्या पहिल्या पत्रात आपली सुटका मोलवान रक्ताने झाली असे म्हटलेच आहे. परंतु त्याच वाक्यात सोन्यारुप्याने नव्हे, असेही म्हटले आहे. म्हणजे हे मोल बाजारातले नव्हे. किंमत दिली तर ती घेतली कोणी, हा प्रश्न चौथ्या शतकात नाझियान्झचे संत ग्रेगरी यांनी विचारला. सैतानाला दिली म्हणणे लाजिरवाणे. आणि अब्राहामाकडून इसहाकाचा बळी न घेणारा पिता पुत्राच्या रक्ताने कसा संतुष्ट होईल, असे म्हणून त्यांनी दोन्ही उत्तरे बाजूला सारली. शुभवर्तमानात या रक्ताचा भाव ठरवला गेला तो एकदाच : तीस चांदीची नाणी. भाव ठरवणारे होते यहूदा आणि मुख्य याजक. त्यांनाही ते पैसे मंदिराच्या खजिन्यात ठेवण्याचा धीर झाला नाही. कुंभाराचे शेत विकत घेऊन ते मोकळे झाले. हिब्रू ‘दाम’चा मराठी ‘दाम’ झाला तो त्या शेतात.

प्रभूच्या मोलवान रक्ताची भक्ती आपल्या घरांत जुनी आहे. संत गास्पर देल बुफालो यांनी १८१५ साली त्या नावाचा मिशनरी संघ स्थापन केला. पोप पायस नववे यांनी १८४९ साली हा सण साऱ्या ख्रिस्तसभेसाठी लावून दिला. पोप जॉन तेविसावे यांनी १९६० साली तिची लितानी प्रसृत केली. १९६९च्या दिनदर्शिकेत स्वतंत्र सण राहिला नाही आणि ख्रिस्तशरीराच्या सोहळ्याच्या नावात रक्ताचाही उल्लेख आला. पण जुलै महिना आजही या भक्तीला वाहिलेला आहे. ही भक्ती टिकावी. मात्र तिने आपले हिब्रू मूळ विसरू नये. ‘मोलवान रक्त’ या शब्दांची जोडी जुन्या करारात बहात्तराव्या स्तोत्रात आहे, आणि तेथे ते रक्त गरिबांचे आहे. आदर्श राजा कोण, तर जो दुबळ्यांचा ‘नेफेश’ जुलमातून सोडवतो आणि ज्याच्या नजरेत त्यांचे ‘दाम’ मोलाचे असते. देवाच्या लेखी गरिबाच्या रक्ताची किंमत भारी आहे. म्हणून त्याच्या पुत्राने ते अंगावर घेतले.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचे रक्त हाबेलाच्या रक्ताहून चांगले बोलते, असे म्हटले आहे. हाबेलाचे रक्त न्याय मागत होते. ख्रिस्ताचे क्षमा देते. पण क्षमेने हाबेलाचा आवाज दाबला जात नाही. दोन्ही आवाज ऐकू येतील तरच त्या प्याल्याचा अर्थ पुरा होतो.

आपल्या भाषेने या बाबतीत नकळत एक चांगले पाऊल टाकले आहे. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला आणि पुढे एकाचे रक्त दुसऱ्याला देणे सुरक्षित झाले. त्यासाठी मराठीने ‘रक्तदान’ हा शब्द घडवला, आणि रक्तदान म्हणजे जीवदान, हे वाक्य गावोगावच्या फलकांवर आले. लेवीयचा सतरावा अध्याय कधीही न वाचलेल्या माणसांनी रक्त म्हणजे जीव हे समीकरण असे लिहून ठेवले आहे. त्या शिबिरात रक्तगट विचारतात, जात विचारत नाहीत. रक्त दिले जाते, विकले जात नाही. धर्मग्रामाच्या सभागृहात असे शिबिर भरते तेव्हा ते समाजकार्य असतेच; पण त्याआधी ते ‘दाम’ या शब्दाचे अचूक भाषांतर असते. गच्चीला कठडा बांधणारा, उघड्या विहिरीवर झाकण घालणारा, गटारात उतरणाऱ्या कामगाराला साधनांशिवाय उतरू न देणारा माणूसही तेच भाषांतर करीत असतो. प्रभूच्या रक्तापुढे गुडघे टेकणाऱ्याला शेजाऱ्याचे रक्त स्वस्त वाटता कामा नये.